पुढचं पाऊल : तीनशे रुपयांची पिन



गेल्या दोन महिन्यांत या सदरासाठी आलेल्या निरोपांत एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा वाचलं : “ताई, एमबीए करायचंय, माझं प्रोफाइल बघाल का?” लिहिणारे बहुतेक इंजिनिअर. कुणी इंदूरचं, कुणी बडोद्याचं, कुणी बेळगावहून नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेलं. सोबत दोन पानांचा बायोडेटा. वरचं नाव झाकलं, तर कुठला कागद कुणाचा हे सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नये इतके ते सारखे. “टीम प्लेअर”, “नेतृत्वगुण”, “मेहनती आणि उत्साही”.

मी हसत नाहीये हं. वीस वर्षांपूर्वी माझाही कागद असाच होता. त्या कागदाने माझी जी फजिती केली ती आज पहिल्यांदाच लिहून सांगते आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचा सल्ला देण्याचा मला हक्क नाही.

वीस टक्के, पण कशाचे?

२००२ साली मेकॅनिकलची पदवी घेऊन मी पीथमपूरच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. गाड्यांचे सुटे भाग तिथे बनत. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची आणि आई डबा हातात देताना रोज एकदा तरी म्हणायची, “बँकेची परीक्षा दे गं.” शॉप फ्लोअरवर मी एकटी मुलगी. बसमधून येता-जाता राऊची टेकडी दिसायची, आज जिथे आयआयएम इंदूर उभं आहे ती. संस्था आपल्या गावात १९९६ सालीच आली होती, पण आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. मी मनातल्या मनात घ्यायचे.

२००३ च्या नोव्हेंबरात कॅट दिली. त्या वर्षी पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये आम्ही सगळ्यांनी ती पुन्हा दिली. तेव्हा ती कागद-पेन्सिलची होती, संगणकावर गेली २००९ पासून. मला एका संस्थेचं बोलावणं आलं. फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं : “टीमचं नेतृत्व करून रिजेक्शन वीस टक्क्यांनी कमी केलं.”

पॅनेलवर तिघं होते. मधल्या प्राध्यापकांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, “वीस टक्के कशाचे?”

मी म्हटलं, “शंभरामागे पाच नग रिजेक्ट व्हायचे, ते चार झाले.”

“बरं. महिन्याला नग किती? एका नगामागे किती पैसे जातात? म्हणजे वाचले किती?”

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या लाइनवर उभी होते, आणि एक नग भंगारात गेला की कंपनीचे किती रुपये जातात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न टाकला, “दोष कुणी शोधला?”

इथे मी अडखळले. कारण दोष मी शोधला नव्हता. रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने शोधला होता. ड्रिलिंगच्या फिक्स्चरमधली लोकेटिंग पिन झिजली होती, त्यामुळे नग किंचित हलायचा आणि भोक सरकायचं. मी काहीतरी गोलमोल बोलले. त्यांना ते कळलं, आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं. “मग यात तुम्ही नेमकं काय केलंत?” या प्रश्नाला मी गप्प बसले. पंधरा मिनिटांत बाहेर.

निकाल काय लागणार ते सांगायला नकोच. परत आल्यावर मला सगळ्यात जास्त खुपत होतं ते हे की दुसऱ्याचं काम मी माझ्या नावावर लावलं होतं. दोन दिवसांनी रात्रपाळीला थांबून मी त्या ऑपरेटरला सगळं सांगून टाकलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते हात पुसत हसले आणि म्हणाले, “मॅडम, पिन तो मैंने बताई थी, पर लाया कौन? स्टोर में तीन दिन लड़ी थीं आप. वो क्यों नहीं बोला?”

खरंच की! स्टोअरवाले म्हणत होते, पिन बदलायची वेळ अजून आलेली नाही, कागदावर तसं आहे. मी तीन दिवस रिजेक्ट नगांची ट्रे घेऊन त्यांच्या खिडकीशी उभी राहिले होते. मग दर सोमवारी पिन गेजने तपासायची असा नियम करून घेतला, तो तिन्ही पाळ्यांच्या गळी उतरवला. एवढं काम मी खरोखर केलं होतं, आणि ते लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. “टीमचं नेतृत्व” हे खोटं वाक्य लिहिताना माझं स्वतःचं खरं काम मीच पुसून टाकलं होतं.

त्या आठवड्यात हिशोब मांडला. महिन्याला ४०,००० नग, शंभरामागे एक वाचला म्हणजे ४०० नग. कच्चा माल आणि मशीनिंग धरून एका नगाचे ९० रुपये. महिन्याला ३६,००० रुपये. पिनची किंमत ३००. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या इंटरव्ह्यूत मी हीच गोष्ट सांगितली. ऑपरेटरच्या शोधासकट, स्टोअरच्या भांडणासकट आणि आधीच्या वर्षीच्या फजितीसकट. प्रवेश मिळाला.

हातात काय आहे, काय नाही

आता कामाचं. प्रोफाइल म्हणजे तुम्ही आजवर काय केलंत आणि त्यावरून पुढे काय कराल, याचा पुरावा. त्यातला काही भाग गोठलेला असतो. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण आता बदलणार नाहीत. आयआयएमसारख्या संस्था बोलावणं पाठवताना कॅटच्या गुणांबरोबर हे जुने गुणही धरतात, कुणी जास्त, कुणी कमी. प्रत्येक संस्था आपले निकष दरवर्षी स्वतःच्या संकेतस्थळावर छापते. क्लासवाल्याने काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि तो मूळ कागद वाचा. एखाद्या संस्थेत दहावीच्या गुणांमुळेच आपण मागे पडतो हे आधी कळलं, तर एक वर्ष आणि बरेच पैसे वाचतात.

इंजिनिअरची दुसरी अडचण गर्दीची. अर्जांच्या ढिगात इंजिनिअर इतके असतात की मुलांनी त्याला थट्टेने ‘जेम’ असं नाव पाडलंय : जनरल, इंजिनिअर, मेल. वर्गात वेगवेगळी माणसं हवीत म्हणून बऱ्याच संस्था बिगर-इंजिनिअरांना आणि मुलींना काही गुण अधिक देतात. यावर मंडळाच्या कट्ट्यावर तावातावाने चर्चा होते. मला विचाराल तर तो वेळ वाया जातो. नियम तुम्ही ठरवत नाही. तुमच्यासारख्याच शंभर इंजिनिअरांतून तुम्ही वेगळे कसे दिसाल, एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि वाट एकच नाही. ढोबळ मानाने तीन सांगते.

पहिली, कॅटची. परीक्षा दोन तासांची, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं : इंग्रजी वाचन-आकलन, माहितीचं विश्लेषण व तर्क, आणि गणित. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस. हे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. एक्सएलआरआयची झॅट जानेवारीत होते. महाराष्ट्राची सीईटी वेगळी, मुंबईच्या जमनालाल बजाजच्या प्रवेशासाठी ती चालते.

दुसरी, अनुभव घेऊन एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाण्याची. हैदराबादला २००१ साली सुरू झालेल्या आयएसबीचा मुख्य अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा अनुभव मागतो, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स किमान चार वर्षांचा. इथे जीमॅट किंवा जीआरई लागते. जीमॅटचे तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, गुण २०५ ते ८०५, आणि ते पाच वर्षं चालतात. या वाटेवर निबंध आणि शिफारसपत्र यांना मोठं वजन असतं.

तिसरी परदेशची. तिथेही जीमॅट किंवा जीआरई, निबंध, शिफारसपत्रं. अमेरिकेत बहुधा दोन वर्षं, युरोपात बऱ्याच ठिकाणी एक वर्ष किंवा त्याच्या आसपास.

कॅटच्या वाटेवर जुने गुण आडवे येत असतील, तर दोन-तीन वर्षं नीट काम करून दुसरी वाट धरता येते. हे मी पालकांनाही सांगते आहे. “दोनदा कॅट दिली, झालं नाही, संपलं” असं काही नसतं.

कॉलेजात असाल तर

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनो, पहिलं काम म्हणजे विषय मागे ठेवू नका. पदवीचे गुण पुढे दहा वर्षं तुमच्याबरोबर फिरतात.

दुसरं, दहा क्लबांची सदस्यता घेण्यापेक्षा एकच काम दोन-तीन वर्षं धरून ठेवा. आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या आवारात बरीच वर्षं ‘बाहा’ स्पर्धा भरत आली आहे. विद्यार्थी खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी स्वतः बांधून आणतात. लोकांना दिसते ती चिखलातली शर्यत. पण त्या स्पर्धेत गाडीच्या खर्चाचा अहवालही तपासला जातो, आणि ही गाडी विकायची तर कशी विकाल हेही परीक्षकांपुढे मांडावं लागतं. वेल्डिंग करायला सगळे पुढे असतात. खर्चाची वही कुणाला नको असते. ती वही तुम्ही घ्या. प्रायोजकाच्या दारात उभं राहणं, नाही ऐकणं, पुन्हा जाणं, स्टीलचा पाइप कुठल्या दुकानात किलोमागे किती स्वस्त मिळतो ते शोधणं : बिझनेस स्कूल शिकवतं त्यातलं बरंच या वहीत सापडतं.

ऑनलाइन कोर्सांची प्रमाणपत्रं? एखाद-दुसरं चालेल, जर ते तुम्ही कुठे वापरलं असेल तर. डेटाचा कोर्स केला आणि कॉलेजच्या मेसमध्ये रोज किती अन्न फुकट जातं ते महिनाभर मोजून दाखवलं, तर त्या कोर्सला अर्थ आहे. नुसती अकरा प्रमाणपत्रं म्हणजे अकरा कागद.

नोकरीत असाल तर

तयारीसाठी नोकरी सोडू नका. अगदीच नाइलाज असेल तर गोष्ट वेगळी. नोकरी सोडली की रिकाम्या वर्षाचा खुलासा करत बसावं लागतं, आणि घरातला ताण अभ्यासात उतरतो. सकाळचे दीड-दोन तास आणि सुट्टीचे दिवस, सहा-आठ महिने सलग, हे नोकरी करणाऱ्यांनाही जमतं.

एक वही करा. दर शुक्रवारी संध्याकाळी चार ओळी लिहा. या आठवड्यात काय अडलं, कुणी शोधलं, मी काय केलं, आकडा किती हलला. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर “मॉड्यूलवर काम केलं” असं लिहू नका. ते मॉड्यूल कोण वापरतं? बंद पडलं तर कुणाचा खोळंबा होतो? ग्राहक त्याचे पैसे का देतो? तीन महिन्यांतून एकदा हे प्रश्न आपल्या वरिष्ठांना किंवा विक्री विभागातल्या माणसाला विचारा. चहाचा खर्च दहा रुपये. मला वीस टक्क्यांचा प्रश्न आला तेव्हा अशी एक वही असती, तर एक वर्ष वाचलं असतं.

शक्य असेल तर आपल्या विभागाच्या बाहेरचं एक काम मागून घ्या. डिझाइनवाल्याने पुरवठादाराकडे जावं, कोड लिहिणाऱ्याने ग्राहकाच्या तक्रारी ऐकाव्यात. इंजिनिअरला आपली वस्तू माहीत असते, तिची किंमत आणि तिचा गिऱ्हाईक माहीत नसतो. पॅनेल नेमकं तिथेच टोकतं.

घरचंच काम

आता एका मुलाची गोष्ट. माळव्यातल्याच दुसऱ्या एका गावचा, तिथल्या मराठी मंडळातला. त्याची आणि त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन लिहिते आहे, म्हणून नाव-गाव विचारू नका.

आयटीत तीन वर्षं नोकरी. कॅट दोनदा दिली, गुण उत्तम, पण पदवीचे गुण बेताचे, त्यामुळे हव्या त्या संस्थांचं बोलावणं नाही. म्हणून जीमॅट दिली आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना अर्ज करायला बसला. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी कुणालातरी ‘प्रोफाइल बनवून’ द्यायचे पैसे द्यायची तयारी केली होती. बायोडेटात एका सेवाभावी संस्थेचं पत्र होतं. मी विचारलं, “तिथे काय करायचास?” तो खाली बघायला लागला. गेला होता एकदा, फोटोपुरता.

मी तो कागद बाजूला ठेवला. “ते राहू दे. रविवारी काय करतोस?”

“काही नाही मावशी. मंडळाच्या गणपतीचा हिशोब बघतो, दोन वर्षं झाली. पण ते काय, घरचंच काम.”

मग हळूहळू बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळात गणेशोत्सवाच्या हिशोबात तूट निघाली. वर्गणीची पावतीपुस्तकं चार जणांकडे, रोख रक्कम दोन जणांकडे, मांडववाल्याला दिलेल्या आगाऊ पैशांची नोंदच नाही. बोलाबोली झाली. दोन घरांचं एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं थांबलं. कोषाध्यक्ष होते याचे वडील. पैसे त्यांनी खाल्ले नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं, पण उघडपणे कुणी तसं म्हणालंही नाही. त्यांनी स्वतःच्या खिशातून तूट भरली आणि मंडळात जाणं सोडलं.

पुढच्या वर्षी मुलाने काम मागून घेतलं. पावती फोनवरून, पैसे शक्यतो थेट मंडळाच्या खात्यात, रोख आलेच तर त्याच रात्री दोघांच्या सहीने नोंद. आणि रोज आरतीनंतर त्या दिवसाचा जमाखर्च फळ्यावर. ज्येष्ठ मंडळी आधी वैतागली. “आमच्यावर विश्वास नाही का?” एका आजोबांकडे तो तीनदा गेला, शेवटी त्यांनाच फळ्यावर आकडे लिहायचं काम दिलं. विसर्जनानंतर चार दिवसांत पूर्ण हिशोब तयार. ती दोन घरंही पुन्हा बोलायला लागली.

मी म्हटलं, “अरे, हाच तुझा निबंध.”

तो गप्प. आणि वडिलांचा चेहरा उतरला. “ताई, घरातली गोष्ट बाहेर कशाला? परक्या लोकांना काय सांगायचं, याच्या बापाचा हिशोब लागला नाही म्हणून?”

मला काय उत्तर द्यावं सुचेना. सल्ला देणं सोपं असतं, पण बट्टा त्यांच्या नावाला लागणार होता. मी एवढंच म्हणाले, “तुमच्या परवानगीशिवाय तो लिहिणार नाही.” मुलाकडे वळून म्हणाले, “नाही म्हणाले तर दुसरं काही लिही. रुसू नकोस.”

पाच दिवस काही निरोप नाही. सहाव्या दिवशी मुलाचा फोन. रात्री जेवण झाल्यावर बाबांनी कपाटातून ती जुनी वही काढून त्याच्यासमोर ठेवली होती. म्हणाले, “लिहायचंच असेल तर आकडा तरी बरोबर लिही. लोक चौदा हजार म्हणतात. तेरा हजार आठशे होते.” मग त्या वहीतलं पान न् पान दोघांनी मिळून पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

त्याने तीन ठिकाणी अर्ज केला. दोन ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी प्रवेश मिळाला. ज्या संस्थेचं स्वप्न होतं ती नकार देणाऱ्यांपैकी एक. हेही सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत शेवटी सगळंच गोड झालं असं लिहायची आपल्याकडे सवय आहे. वडील मात्र यंदा मंडळाच्या सभेला आले होते, असं तो म्हणाला.

तुमच्यापैकी किती जण असं काहीतरी करत असतील! मंडळाचं ग्रंथालय चालवणारे, कोजागरीला दोनशे माणसांच्या दुधाचा अंदाज बांधणारे, लहानग्यांचा मराठी वर्ग घेणारे. परगावी चार-पाच पिढ्या राहून आपली माणसं एकत्र धरून ठेवणं हे साधं काम नव्हे. पण लिहिताना मोठेपणा लावू नका. काय अडलं होतं, कोण नाराज होतं, तुम्ही काय केलंत, काय जमलं नाही. एवढं पुरे.

अर्ज करताना

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या काकांकडून घेऊ नका. ज्यांनी तुमचं रोजचं काम पाहिलंय, तुमची चूक पाहिली आहे, त्या साहेबांकडून घ्या. त्यांना महिनाभर आधी सांगा आणि शुक्रवारच्या वहीतल्या दोन-तीन गोष्टींची आठवण करून द्या. पत्र मात्र त्यांनीच लिहावं.

निबंध दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, यंत्राकडूनही नाही. व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. पण इंटरव्ह्यूत तुमच्यासमोर तुमचाच कागद असतो, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला “म्हणजे काय?” असं विचारायला समोर माणसं बसलेली असतात.

“एमबीए का?” याचं उत्तर आरशासमोर नाही, आजीसमोर देऊन बघा. माझ्या भाचीने हा प्रयोग केला. आजीने विचारलं, “तुला माणसं सांभाळायचीत की मशीन बनवायचंय?” ती दोन मिनिटं विचार करून म्हणाली, “मशीन.” ती आता एमटेक करते आहे आणि मजेत आहे.

आणि पैशाचा विचार लाजून टाळू नका. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज वीस लाखांच्या पुढे आहे. त्यात सुटलेला पगार धरा. नामांकित संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर केली आहे. पण कर्ज ते कर्जच. हप्ता किती बसेल, किती वर्षं बसेल, हे आई-वडिलांबरोबर कागदावर मांडा. ज्याला स्वतःच्या शिक्षणाचा हिशोब मांडता येतो, त्याने एमबीएचा पहिला धडा घरीच शिकला.

या महिन्याचं काम एवढंच : शुक्रवारी वही उघडा आणि चार ओळी लिहा. बायोडेटा मला नंतर पाठवा, आधी त्या चार ओळी पाठवा. त्यांत तुमच्या पिनची गोष्ट असेल, आणि ती कुणी शोधली हेही असेल, तर मी नक्की उत्तर देईन.

आमचे ते ऑपरेटर आता निवृत्त झालेत. प्रवेशाचे पेढे मी आईच्या आधी त्यांना दिले होते. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं होतं, “इस बार स्टोर वाली बात बोली न?”

बोलले होते.

पुढच्या अंकात : पहिल्या पगारातून घरी किती द्यावे? तुमचे अनुभव कळवा.